समुद्र, सिरका आणि सलीमभाईंचे बटण

वाचनालयात रद्दी साचते तसे किस्सेही साचतात. फरक इतकाच, की किस्से कोणी वजनावर नेत नाही. आमचे शहागंजातले वाचनालय समुद्रापासून कोसो दूर. तरी महिनाभर आमच्या टेबलावर समुद्रच होता!

कारण सलीमभाई. त्यांचे बटणांचे दुकान. कन्या नसरीन कोकणात समुद्रजीवांवर संशोधन करते. तिला आणखी दोन वर्षे तिथेच राहायचे होते.

"लग्नाचं वय झालं, अन् ही तिथं शिंपल्यांची पिल्लं सांभाळते! परत ये म्हटलं, तर फोन बंद!"

*

मी हे वाचनालय सांभाळतो; कॉलेज पाहिलेले नाही. परंतु शब्दकोश जवळ ठेवून हा विषय वाचला. सर्वांना सांगितले : धुरातला कार्बन डायऑक्साइड समुद्र शोषतो, पाण्याची आम्लता वाढते आणि शिंपल्यांच्या पिल्लांना कवच बांधणे जड जाते.

देवगाव रंगारीचे विठ्ठलराव म्हणाले, "म्हंजी माशावर लिंबू पिळायला नको!"

"पाणी आंबट लागत नाही. ते अजून अल्कधर्मीच आहे. केवळ आम्लाकडे सरकते आहे."

"नाना, तुमच्यासंगं इनोद करायचा म्हंजी आधी परीक्षा द्यावी लागती!"

*

विठ्ठलराव साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी उपाय घेऊनच आले. "उसाच्या रसात आम्ही चुना टाकायचो. समुद्रात बी टाका की!"

"चुना भाजताना भट्टीतून तोच कार्बन डायऑक्साइड निघतो."

"मंग ऱ्हाऊ द्या!"

*

आम्लात शिंपला कसा झिजतो, ते दाखवायला मी प्रयोग मांडला. सलीमभाईंच्या दुकानातले 'अस्सल शिंपल्याचे' बटण वाटीभर सिरक्यात टाकले. समुद्र कधीही सिरक्याइतका आम्लधर्मी होणार नाही, हेही बजावले.

सकाळी बटण जसेच्या तसे! प्लास्टिक!

"व्यापाऱ्यानं मलाच फसवलं की," सलीमभाई खजील झाले. विठ्ठलराव म्हणाले, "भाई, असू द्या. समुद्राला हीच बटणं लावा!"

*

सलीमभाई हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी खिशातून एक बटण काढले. स्वतःच्या निकाहच्या शेरवानीचे, खरेखुरे शिंपल्याचे. मी "नको" म्हणेपर्यंत ते वाटीत पडलेही. त्यावर बारीक बुडबुडे धरू लागले.

सकाळी त्यांनी ते बाहेर काढले. चमक गेली होती. कड बोटाखाली भुरभुरत होती.

सलीमभाईंनी बटण रुमालात बांधले, फोन काढला आणि वाचनालयात फोनवर बोलू नये हा माझा नियम माझ्यादेखत मोडला.

"बेटा... तेरे सीपियों के बच्चे कैसे हैं?"