परब सरांची नलिनी

“सर, परत घेऊ,” मी टॉकबॅकवर म्हटलं. टॉकबॅक म्हणजे माझ्या टेबलावरचं बटण. ते दाबलं की काचेपलीकडे बूथमधल्या माणसाला माझं ऐकू जातं. सकाळपासून ते इतक्यांदा दाबलं होतं की आता माझ्याच जिवावर आलं होतं.

मी अंधेरीत ऑडिओबुकं रेकॉर्ड करते. हातात होती एक क्राइम कादंबरी. तिच्यातल्या नलिनीच्या हातून कधीकाळी खून झालेला. नाव बदलून ती परगावी शिवणक्लास चालवते, आणि एक दिवस जुना इन्स्पेक्टर दारात उभा राहतो. वाचत होते परब सर, बोरिवलीच्या शाळेतून रिटायर झालेले मराठीचे शिक्षक. आवाज झकास. त्यांचा इन्स्पेक्टर बोलला की मीच खुर्चीत सरळ बसायचे. पण नलिनी आली की सगळं सपाट, हजेरी घेतल्यासारखं.

माणूस मात्र गोड. रोज बूथमध्ये शिरले की माइक ठेवायच्या पेटीला हात लावून नमस्कार करायचे. मला वाटलं, देवभोळे असतील.

घाटकोपरच्या ऑफिसातून बॉसचा फोन आला. “लेखिका येतायत ऐकायला. नलिनी जमली नाही तर रीडर बदल.”

“अहो, अर्धं पुस्तक झालंय.”

“मग अर्धं परत कर.”

म्हणायला काय जातं यांच्या बापाचं! सरांनी आख्ख्या सोसायटीला सांगून ठेवलं होतं, ‘माझं पुस्तक येतंय.’ मी बूथमध्ये जाऊन त्यांना सरळ सांगितलं. “सर, आज नाही जमलं तर तुम्हाला काढतील. नलिनीचं काय बिनसलंय?”

“बाईचा आवाज मला जमत नाही हो,” सर खाली बघून म्हणाले. शिक्षक खोटं बोलला की लगेच कळतं. त्यांना सवय नसते.

लेखिका आल्या. राहायला मुलुंडला, मूळच्या कुडाळकडच्या. माझ्या शेजारी बसल्या. सीन सकाळपासून अडलेला तोच, इन्स्पेक्टर नलिनीला जुन्या नावाने हाक मारतो. सरांनी खुर्ची मागे सारली, उभे राहिले, पेटीला वाकून नमस्कार केला. आणि काचेपलीकडून एक बाई बोलायला लागली. आवाज बारीक केलेला नव्हता, बाईचाच होता.

“साहेब, बसा. इतकी वर्षं दाराची कडी वाजली की वाटायचं, तुम्ही आलात. आज खरंच आलात, बरं वाटलं बघा. आता तरी झोप लागेल.”

माझ्या अंगावर काटा आला. पण यातलं एक अक्षर पुस्तकात नव्हतं. आमच्याकडे ऑडिओ पुस्तकाशी शब्दाला शब्द जुळावा लागतो. चुकलं की थांबवायचं. माझं बोट बटणाकडे गेलं, तेवढ्यात लेखिकेने मनगट धरलं.

“थांबवू नको गं.”

सीन संपल्यावर बटण त्यांनीच दाबलं आणि मालवणीत विचारलं, “सर, तुमी दशावतारात होतास मां?”

दशावतार म्हणजे कोकणातल्या जत्रेतलं नाटक. त्यात बायकांची कामं पुरुष करतात. लिहिलेले संवाद नसतात, नट उभ्या उभ्या रचतो. आणि देवाच्या पेटाऱ्याला नमस्कार केल्याशिवाय काम करायला कोणी उभा राहत नाही. हे मला लेखिकेने नंतर समजावलं. त्यांनी तर पेटीवरूनच ओळखलं होतं.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, “होय. स्त्रीपार्टी करी होतंय.” आणि एकदम मोकळे झाले. “शाळेत कळलं असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं मॅडम. आणि एकदा ती बाई अंगात आली की मला आवरत नाही, पुस्तक राहतं बाजूला. म्हणून दाबून ठेवली होती.”

लेखिका डोळे पुसत हसत होत्या. मला तर बूथमध्ये जाऊन सरांना मिठी मारावीशी वाटली. मारलीच.

बॉस ऐकून खूश झाले. मग आठवण झाली. “पण हे पुस्तकात नाहीये.”

“मग पुस्तक बदला,” लेखिका म्हणाल्या.

नव्या आवृत्तीत नलिनी आता सरांचं बोलते. जुने विद्यार्थी सरांना फोन करून “नलिनीबाई आहेत का?” विचारतात. सर त्याच आवाजात म्हणतात, “आहेत. तुझा गृहपाठ झाला का रे?”

मी एवढंच शिकले: शब्द चुकला की बटण दाबायचंच, पण आधी एकदा काचेपलीकडे बघायचं.