शिवणीत गेलेला चेहरा

कल्पना करा, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही मोबाईल घेऊन बसला आहात आणि कधीच न पाहिलेल्या आजोबांना शोधताय. फुकटातलं डिजिटल ग्रंथालय उघडायचं, आजोबांच्या कारखान्याचं नाव टाकायचं आणि स्कॅन केलेली जुनी पानं एकेक करून सरकवत राहायचं. बहुतेक पानांवर साहेबांची भाषणं. डोळे चुरचुरतात, हाती काही लागत नाही.

बाइंडरचं हेच चाललं होतं. पुस्तकं बांधायचं दुकान वडील वारल्यावर त्याच्याकडे आलेलं, गिऱ्हाईक आता नावापुरतं. आजोबा काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते, भट्टी फुटून गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. वडील तेव्हा पाळण्यात होते आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे बाइंडरची आत्या, जेमतेम शाळेत जायला लागलेली. आता ती अंथरुणाला खिळली होती आणि तिनं एकच धोशा लावला होता.

"अरे, बापाचा आवाज अजून कानात आहे, पण चेहरा पुसला गेला. वर गेल्यावर ओळखू कसा?"

"ते ओळखतील की तुला."

"मला? हे बोळकं बघून पळत सुटेल तो!"

एका दुपारी कारखान्याच्या मासिकाचा अंक सापडला. दोन पानांवर पसरलेला भट्टीवाल्यांचा फोटो, खाली ओळीनं नावं. बरोब्बर मधोमध आजोबा. बाइंडरनं फोटो मोठा केला. डाव्या पानावर एक कान आणि खांदा. उजव्या पानावर दुसरा खांदा. चेहरा मधल्या घडीत गडप.

"कुठल्या गाढवानं इतकं आत शिवलंय?" तो एकटाच करवादला. पानांच्या कडा कुजल्या की आत शिवावं लागतं, कबूल. पण दोन पानांवरचा फोटो असेल तर आधी कडेला कागदाची पट्टी चिकटवायची आणि शिवण त्या पट्टीवर घ्यायची. मग त्याला घडीत दोरा दिसला. काळा आणि पांढरा, एकत्र पिळलेला. असा दोरा आख्ख्या गावात एकच माणूस वापरायचा. त्याचे वडील.

त्यानं ग्रंथालयाला लिहिलं, मूळ अंक उसवून देतो, परत बांधूनही देतो, फुकट. उत्तर आलं, स्कॅन झाल्यावर मूळ अंक रद्दीत काढले.

संध्याकाळी त्यानं आत्याला तो कान दाखवला. तिनं मोबाईल पार नाकाशी धरला.

"कान हुबेहूब तुझ्या बापासारखा. बाकीचा कुठंय?"

"शिवणीत गेला."

"कुणी शिवलं रे मेल्यानं?"

"होता कुणीतरी," तो म्हणाला.

तिनं मोबाईल परत दिला नाही. पडदा विझला तरी ती त्यात बघत राहिली.

बाइंडर दुकानात परतला आणि वडिलांच्या पुस्तकं दाबायच्या जुन्या शिकंज्यापुढं बसला. वडील एकेक पान वाचून मगच सुई हातात घ्यायचे. आई त्यावरून चिडवायची, बांधायला दिलंय की अभ्यासाला? मग हे पान तेवढं वाचायचं राहिलं होतं का? की खालचं नाव वाचलं, वरचा चेहरा बघितला, आणि तरीही सुई घातली?