बाटलीवरच्या चार ओळी

अक्का सोमवारी सकाळी बिदरच्या दवाखान्यात वारली. रक्तातली साखर मोजायच्या यंत्राच्या आकड्यापलीकडे गेली होती. तिने अडीच महिने साखरेच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. हे मला त्या दिवशी कळलं.

अक्का माझी थोरली बहीण, संतपूरला दिलेली. मी औरादच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतो. डाळिंबाच्या सालीत आणि जांभळाच्या बीत फळाइतकेच, कधी फळापेक्षा जास्त अँटिऑक्सिडंट असतात, असं मी कुठेतरी वाचलं आणि तिला सांगितलं. त्यांची पूड कॅप्सुलीत भरून विकता येते, हेही सांगितलं.

ती हसली. "म्हंजे आमच्या सासूनं मला नुसत्या साली चघळायला लावल्या, ते माझ्या भल्यासाठीच म्हण की!"

पण काम तिनेच उचललं. रसाच्या गाड्यांवरून साली आणायची, धुवायची, जुन्या लुगड्यांवर सावलीत पसरायची. उन्हात गुण जातो, असं मी म्हणालो होतो, म्हणून ऊन सरकलं की ती लुगडी सरकवायची. गिरणीवाल्याने दळायला नकार दिला. "अक्का, तुमच्यामागनं येणाऱ्याची ज्वारी कडू व्हायलीय." मग पत्र्याच्या शेडमध्ये छोटं यंत्र बसवलं. पूड वस्त्रगाळ करून ती भोकांच्या पाटीवर उभ्या केलेल्या रिकाम्या कॅप्सुलींत भरायची. जांभळाच्या दिवसांत तिची बोटं काळी पडायची. त्याच बोटांनी मला भाकरी वाढायची.

लेबल मी केलं. पुढच्या बाजूला मराठीत चार ओळी लिहिल्या. त्यांच्यासाठी मला आठ संध्याकाळी लागल्या. 'जे आपण टाकून देतो, तेच शरीराची झीज भरून काढते,' ही त्यातली शेवटची ओळ. ती मला फार आवडली होती. मागे कायद्याने लागणारी सूचना होती: हे औषध नाही, डॉक्टरांच्या गोळ्या बंद करू नयेत. इंग्रजी, कन्नड आणि मराठी अशा तिन्ही भाषांत.

बिदरचा छापखानेवाला म्हणाला, "सर, एवढं बसंना. कायतरी एक कमी करा."

मी सूचनेतलं मराठी कमी करायला सांगितलं. चार ओळींना हात लावला नाही. इथे सगळ्यांना कन्नड येतं, असं मी स्वतःशी म्हणालो. बाजारात अक्काचं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. कन्नड अक्षर तिला वाचता येत नव्हतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं.

पहिली बाटली आली तेव्हा तिने ओळींखाली बोट धरून मोठ्याने वाचलं. "झीज भरून काढते. तूच लिव्हलंस?"

"व्हय."

"मग खरंच असंल."

पुढे एकदा तिचा फोन आला. "मीबी रोज दोन घ्यायलेय रे."

"घे की, चांगलंय," मी म्हणालो. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. गोळ्यांचं मी विचारलं नाही.

जलदान विधी झाल्यावर तिच्या सुनेने पिठाच्या डब्यामागून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यापुढे ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं.

"मामा, मी रोज म्हणायचे, आत्या, गोळी घ्या. तर म्हणायच्या, माझ्या भावानं लिव्हलंय ते काय खोटं हाय? मग ह्या कामून गिळू?"

ती मला दोष देत नव्हती. झालं ते सांगत होती. ती मला चार शब्द टाकून बोलली असती तर तिथे बसणं सोपं झालं असतं. पाकिटं कुठे ठेवावीत ते न कळून मी ती बराच वेळ हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघालो. औराद, भालकी, बिदर. जिथे जिथे बाटल्या दिल्या होत्या, तिथून परत मागितल्या. दुकानदार कारण विचारत. लेबलात चूक आहे, एवढंच सांगत गेलो. भालकीचा एकजण म्हणाला, "चूक कसली सर? किती छान लिहिलंय. लोक वाचूनच घेतेत." मी त्याच्याकडची शेवटची बाटली पिशवीत टाकली आणि बाहेर आलो.

एकोणीस बाटल्या आधीच विकल्या गेल्या होत्या. कोणी नेल्या ते कोणालाच आठवत नाही. दोनदा पुन्हा जाऊन विचारलं.

शेड बंद आहे. मी शाळेत जातो, शिकवतो, घरी येतो. त्या एकोणीस बाटल्या कोणाकोणाच्या घरात आहेत, मला माहीत नाही.