रतनकाकींच्या गाऱ्हाण्याला होकार

रतनकाकी परब यांची आणि माझी पहिली भेट आमच्या रुग्णालयाच्या मागच्या दारात झाली. मी आरोंद्याची. आधी कपड्यांच्या दुकानात, मग कसालला काजूच्या कारखान्यात कामाला, आणि आता इथे सफाईचं काम मागायला आलेली. (काजूच्या चिकाने बोटांची सालं जातात, पण ते असो.) काकी तेव्हाही सफाई विभागाच्या प्रमुख होत्या.

“झाडूक येता गो?”

“झाडूक कोणाक येणा नाय?”

“मगे तुका शिकवूक येळ लागतलो,” काकी हसल्या.

लागलाच. खोली आतून दाराकडे पुसत यायची. संडासाचं फडकं पलंगाला लावायचं नाही. जिथे सगळ्यांचे हात लागतात, म्हणजे कठडा, बटण, नळ, दाराची मूठ, तिथे आधी पोचायचं. काकी शेजारी उभ्या राहून हे करून घेत. नव्या माणसाला शिकल्याशिवाय एकटं खोलीत सोडायचं नाही, यासाठी त्या साहेबांशीही भांडल्या आहेत. “माणसां कमी आसत म्हणान आजाऱ्याची खोली कमी पुसूची काय?”

कामाला लागण्याआधी बादल्यांच्या खोलीत काकी गाऱ्हाणं घालत, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला साकडं, आमच्याकडे देवळात घालतात तसंच. “बा देवा म्हाराजा, आज जो कोण हय पडलेलो आसा, तो आपल्या पायान घराक जांवदे रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळ्या “व्हय म्हाराजा!” इतक्या जोरात, की नर्सताई दारात येऊन डोळे वटारत.

एकदा संसर्गाच्या रुग्णांसाठी वेगळ्या ठेवलेल्या खोलीत इन्सुलीचे एक आजोबा होते. त्यांना भेटायला कुणालाच सोडत नव्हते. मी भराभर पुसून बाहेर आले, तर काकींनी परत आत पाठवलं. “कठडो सावकाश पूस. आज तेंच्याकडे दुसरा कोण येवचा नाय.” मी पुसत राहिले आणि आजोबा त्यांच्या म्हशीबद्दल बोलत राहिले. म्हैस फार हट्टी होती म्हणे.

काकींनी तयार केलेल्या मुली गोव्याच्या हॉटेलांत जातात. तिकडे पगार बरा आणि पलंगावर आजारी माणूस नसतो. एकेक करत सगळ्या गेल्या. मीही म्हापशाच्या एका हॉटेलात गेले. काकी कुणालाच अडवत नाहीत, जाणारीच्या हातावर नारळ ठेवतात. पण आता त्या साठीच्या झाल्या, निवृत्त होणार, आणि सफाईचा ठेकेदार म्हणतो, झाडायला कुणीही चालेल. शिकवलेलं पुढे नेणारं कुणी राहिलं नाही, तर त्या खोल्यांत न शिकलेलं माणूस एकटंच जाईल. काकींना हीच एक काळजी आहे.

मागे सुट्टीवर आले तेव्हा सकाळी सहज काकींना भेटायला गेले. बादल्यांच्या खोलीतून गाऱ्हाणं ऐकू आलं. आत दुसरं कुणी नव्हतं. काकींनी गाऱ्हाणं संपवलं, जरा थांबल्या, आणि स्वतःच हळू म्हणाल्या, “व्हय म्हाराजा.”

मी दारातून म्हटलं, “व्हय म्हाराजा!”

काकींनी वळूनही पाहिलं नाही. “उशीर केलंस. बादली घे.”

मी बादली घेतली. म्हापशाला परत न्यायची पिशवी अजून बादल्यांच्या खोलीतल्याच खुंटीला आहे. नव्या दोघी आल्या आहेत, आणि सध्या त्यांच्या शेजारी मी उभी राहते.

तर, बा देवा म्हाराजा! आमच्या रतनकाकींक भरपूर आयुष्य दी, तेंचे गुडघे बरे ठेव, आणि आपल्याच गाऱ्हाण्याक आपणच होकार देवची पाळी तेंच्यावर परत हाडू नको रे म्हाराजा!

वाचणाऱ्यांनी आता काय म्हणायचं ते सांगायला नको. जोरात म्हणा. नर्सताई येऊ देत दारात.