गुरुवारचं घर

मी नौपाड्यात वाढले. नीटनेटकं, अनुक्रमांक घातलेलं काही दिसलं की माझा जीव शांत होतो. आमच्या संस्थेच्या पाळणाघरांसाठी मी पुस्तिका लिहिली, तेव्हा 'जागा' या मथळ्याखाली पहिलंच वाक्य घातलं: पाळणाघर एकाच ठरलेल्या खोलीत असावं. लिहून झाल्यावर मी स्वतःवर खूश होऊन चहा करून प्यायले होते.

ज्या पाळणाघरावरून हे सगळं सुरू झालं, त्याला खोली नव्हतीच. डोंबिवलीजवळच्या खाडीकाठच्या एका आगरी गावातल्या बायकांनी ते आपलं आपण चालवलं होतं. सकाळी भाजी नाहीतर मासळी घेऊन बाजारात जायचं, तर पोरं ठेवायची कुठे? म्हणून सहा घरांनी सहा वार वाटून घेतले. सोमवारी सगळी पोरं एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या घरचा वार, त्या घरची बाई त्या दिवशी बाजारात जायची नाही. त्या घरात जे शिजेल ते पोरं खायची, बहुतेक वेळा भात आणि सुकटीचं कालवण. मी पहिल्यांदा गेले ती तिथे काय सुधारायचं ते शोधायला. काही सापडेना, म्हणून थोडी चिडलेच होते.

गुरुवारचं घर माझ्या मैत्रिणीचं. आता तिला मैत्रीण म्हणायची हिंमत होत नाही, पण तेव्हा ती होती. तिचे सासरे जन्मभर मिठागरात राबलेले. पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली आणि माणूस ओटीवर बसला तो बसलाच. बाकीचे सहा दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. गुरुवारी मात्र मुलाकडून दाढी करून घेत आणि झोळीची दोरी डाव्या हातात धरून बसत. झोळीत सगळ्यात लहान पोर, बाकीची त्यांच्या मांडीवर, पाठीवर, डोक्यावर. एका पोरीने त्यांच्या कानात भात भरताना मी पाहिलंय. बाबा हसत होते आणि दोरी काही थांबत नव्हती.

मग हे काम सगळीकडे न्यायचं ठरलं. 'हे' म्हणजे नेमकं काय, ते कोणी विचारलं नाही, मीही नाही. माजिवड्याला हायवेलगतच्या वस्तीत मराठवाड्यातून आलेली बिगारी कुटुंबं होती. घर म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि याच्या पोराने त्याच्या घरी जेवायचं म्हटलं की जात आडवी यायची. कल्याणच्या एका चाळीत अंड्यावरून भांडण झालं. ठाण्याजवळच्या एका ख्रिस्ती गावात बायका म्हणाल्या, चर्चशेजारी चांगली खोली रिकामी आहे, मग लोकांची घरं कशाला? हिंडून हिंडून माझ्या चपला झिजल्या आणि सगळ्यांना चालेल असं एकच उरलं: एक खोली, एक सेविका आणि मुगाची खिचडी. माजिवड्याला ते चाललं, उत्तम चाललं. त्यांना खोलीच हवी होती. हे मुद्दाम सांगते, कारण माझी चूक तिथे झाली नाही.

चूक मी केली ती मूळ गावात. सगळी केंद्रं सारखी दिसायला हवीत, म्हणून तिथेही समाजमंदिराची वरची खोली घेतली. वार बंद झाले. पंधरवड्याने मैत्रीण नौपाड्याला ऑफिसात आली. खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाली, "ताई, बाकीचे वार न्या तुमच्या खोलीन. आमचा गुरुवार तेवढा रहूं द्या. बाबा वाट बघतान."

मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अगं, एका गावाला सूट दिली तर बाकीच्यांना मी काय सांगू?" आणि वर शहाणपणाने म्हणाले, "बाबांनाच आणत जा ना खोलीवर." त्या खोलीला उभा जिना होता, आणि तो मी स्वतः चढले होते. ती "बरां" म्हणाली आणि गेली. आपण ठाम राहिलो याचं मला त्या दिवशी कौतुक वाटलं, हे लिहिताना आज लाज वाटते.

दोनेक वर्षांनी आमचं काम दुसऱ्या जिल्ह्यात गेलं आणि खोलीला कुलूप लागलं. मी बायकांना म्हटलं, पुन्हा वार लावा की. त्यांनी माना डोलावल्या. पण तोवर सहातल्या तीन घरांच्या जागी बिल्डिंगी उभ्या राहिल्या होत्या, आणि एकमेकींच्या घरात न विचारता शिरायची सवय मोडली होती. कोणी पोरं माहेरी धाडली, कोणी बाजार सोडला.

पुढच्या वर्षी बाबा गेल्याचं कळलं. भेटायला गेले. झोळी अजून तुळईला होती, तिच्यात धुतलेल्या गोधड्या ठेवलेल्या. मैत्रिणीशेजारी बसले आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "फार त्रास झाला का गं त्यांना?"

"नाय," ती म्हणाली. "दुखायचां नाय काय. सकाळी उठलं का इचारायचं, आज कंचा वार? गुरुवार सांगितला का दोरी धरून बसायचं, पार दिवस मावलेपरत. जेवायचं पन नाय, पोरां आल्यावर जेवतो बोलायचं." तिने पदराने हात पुसले. "मंग आमी गुरुवार सांगायचाच सोरला. रोज बुधवार सांगायचो. आमच्या घरान दोन वरसां बुधवारच व्हता, ताई. ते खूश असायचं. उद्या पोरां येनार म्हनून."

ती रडत नव्हती. मी रडत होते, आणि तिनेच उठून मला पाणी आणून दिलं.