नमुना अपुरा आहे

सबंध सोलापुरात समोरच्याच्या तोंडाकडे एकदाही न बघता त्याच्याशी अर्धा तास बोलू शकेल असं एकच माणूस आहे, आणि ते आमच्या दारासमोर राहतं. समोरच्या डॉक्टरीणबाई बोलतात त्या गळ्याशी. नमस्कार गळ्याला, विचारपूस गळ्याची, निरोपही गळ्याचाच. नवा माणूस बिचकून शर्टाचं वरचं बटण लावतो, बायका पदर सारखा करतात. पण बाईंचा तरी काय दोष? जन्मभर त्यांनी एकच काम केलं. कुणाच्या मानेत, काखेत, छातीत गाठ आली की तिच्यात बारीक सुई घालायची, सुईबरोबर येईल तेवढा थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा, आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून ती गाठ साधी की घातकी ते सांगायचं. चिरफाड नाही, टाका नाही. दुधनीच्या आडत्याला त्या समजावतात, "पोतं न फोडता सळई खुपसून तूर बघता की नाही तुम्ही? तसंच हे." आडत्याला ते ताबडतोब पटतं.

बाईंना लग्नाला बोलावणं ही मोठी जोखीम. माझ्या पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या आत्याबाई नवीकोरी ठुशी घालून मिरवत होत्या. बाई पाण्याचा ग्लास घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "प्या की." आत्याबाईंना वाटलं, मुलीकडची माणसं काय अगत्याची! त्या प्यायल्या. "अजून एक घोट." तोही प्यायल्या. मग बाई शांतपणे म्हणाल्या, "गिळताना ठुशीखाली जे वरखाली होतंय, ते सोनं नाही. सोमवारी या." मांडवात केवढा गहजब झाला! पण आत्याबाई सोमवारी गेल्या, गाठ साधी निघाली, आणि तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्याकडून बाईंना चिवड्याचा डबा येतो. बाई तो न उघडताच वाटून टाकतात.

अंदाज म्हणून काही त्यांना विचारायची सोयच नाही. यंदा पाऊस कसा होईल? "नमुना अपुरा आहे." कोपऱ्यावरचे नवे भाडेकरू कसे वाटतात? "नमुना अपुरा आहे." एकदा कलिंगडवाल्याने मोठ्या ऐटीत लालभडक खाप काढून दाखवली, तर म्हणाल्या, "एका जागची नको, तीन जागची दाखव." तो कपाळावर हात मारून म्हणाला, "मग इकायला काय ऱ्हायलं, बाई?" आम्ही हसतो खरे, पण त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसलं की हसू येत नाही. पेशंटबरोबर आलेला प्रत्येक जण त्यांना एकच विचारतो, "काय वाटतं हो, काही नसेल ना?" बाईंनी कुणालाही "काही नसेल" म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही. "मला वाटत नसतं, मला दिसतं. उद्या या," एवढंच त्या म्हणतात आणि आत जातात.

आणि चहा. या गल्लीत त्या राहायला आल्या तेव्हापासून त्यांनी कुणाच्या घरी चहाचा घोट घेतलेला नव्हता. संक्रांतीचा तिळगूळ दारातूनच हातावर घ्यायच्या, पण तोंडात टाकायच्या नाहीत. हुरड्याचं आमंत्रण हात जोडून परत. आमच्या सौभाग्यवती, म्हणजे सुमन, माळशिरसच्या शेतकऱ्याची लेक. आल्यागेल्याला काहीतरी खाऊ घातल्याशिवाय सोडणं तिला माहीतच नाही. तिने शेंगाचटणी, कडक भाकरी, आंब्याचा रस, सगळे फासे टाकून पाहिले. बाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच बोलायच्या, तेही गळ्याशी. सुमन चिडायची. "लई शिकल्या म्हणून काय झालं? आमच्या कपाला काय काटे आलेत?" मीही मनातून तेच म्हणायचो.

एका सकाळी सुमन दारात रांगोळी काढत होती. बाई समोरून आल्या. हातात पाण्याचा ग्लास होता. "वहिनी, प्या की." सुमनला ठुशीची गोष्ट तोंडपाठ होती. तिने माझ्याकडे बघितलं, ग्लास घेतला आणि प्यायली. पाणी थोडं रांगोळीवर सांडलं. बाई फक्त म्हणाल्या, "उद्या सकाळी या."

त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही. सुमनचं एकच पालुपद, "गाठीला सुई लावू नये म्हनत्यात. चवताळती." दुसऱ्या दिवशी हेच तिने बाईंना ऐकवलं. बाई म्हणाल्या, "चवताळायची असती, तर कालपासून तुम्ही हज्जारदा दाबून बघितली असेल, तेव्हाच चवताळली असती." सुमनने गळ्यावरचा हात गुपचूप खाली घेतला.

आमच्या आधी अक्कलकोटकडची एक धनगरीण होती. मानेवर गाठ, आणि मंगळसूत्र काढायला ठाम नकार. नवरा शेजारी घोंगडी सावरत उभा. "आता ह्यो हितं जित्ता उभा हाय की. त्येच्या देकत कसं काढू?" बाईंनी वाद घातला नाही. मंगळसूत्र उचलून तिच्या ओठांशी नेलं. "काढू नका. दातांत धरा." बघा, काय युक्ती! गळा मोकळा झाला, सौभाग्य शाबूत राहिलं, आणि तोंडात वस्तू असल्यामुळे बाईमाणूस बोलत नाही की गिळत नाही. सुई मानेत असताना ते फार महत्त्वाचं. मग बाईंनी कानडीत सांगितलं, "नुंगबेडी." गिळू नका. तेलुगू विणकरणीला त्या "मिंगोद्दु" म्हणतात, दखनी बोलणाऱ्या खालाला "निगलो नक्को". या तिन्ही भाषा त्यांना येतात त्या एवढ्यापुरत्याच, पण त्यात माया पुरेपूर असते.

मग सुमन. तिनेही मंगळसूत्र दातांत धरलं आणि उशीवर मान मागे टाकली. संसाराला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्याकडे बघते आहे आणि काहीच बोलत नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं. एरवी मी यावर चार दिवस विनोद केले असते. तेव्हा मात्र नाही. तिने बोलावं, काहीही बोलावं, माझ्या विसरभोळेपणावर बोलावं, असं फार वाटलं. बाईंनी तीन वेळा सुई घातली, तीन जागी. कलिंगडवाला आठवला. बाहेर आल्यावर न राहवून मीही सगळ्यांसारखंच विचारलं, "काय वाटतं, काही नसेल ना?" बाई माझ्या गळ्याकडे बघून म्हणाल्या, "मास्तर, उद्या."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या स्वतःच आल्या. उंबऱ्याबाहेर थांबल्या आणि तिथूनच सांगितलं. "गाठ कॅन्सरची आहे, वहिनी. पण ही जात सावकाश चालणारी आहे आणि वेळेत सापडली आहे. ऑपरेशन करून काढायची. पुढे रोज एक गोळी. त्यानंतर तुम्ही आहात आणि तुमची रांगोळी आहे." सुमन भिंतीला टेकून खाली बसली. आणि मग बाईंनी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, सुमनच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, चहा टाका. साखर कमी."

चहा मी केला. तो वाईट झाला होता. बाईंनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. सुमनने डोळे पुसत विचारलं, "इतकी वर्सं पाण्याला शिवला न्हाईत. आज कसं काय?"

बाईंनी रिकामा कप खाली ठेवला. "माझ्या थोरल्या अक्काची काच मीच बघितली होती. तिच्या हातचं खाऊन मी मोठी झाले. मला जे दिसायला पाहिजे होतं तेच दिसलं. साधी गाठ म्हणून मी सही केली. खरं कळेपर्यंत उशीर झाला होता." मग म्हणाल्या, "तेव्हापासून ठरवलं. ज्या घरातला चहा प्यायले, त्या घरातली काच बघायची नाही. माया आली की डोळा लबाडी करतो. ही सगळी गल्ली माझ्याकडेच येणार, मग चहा कुणाकडे घेऊ? आज तुमच्या काचेवर सही करून आले. आता मी मोकळी. पुढची काच दुसऱ्या कुणाला तरी दाखवा."

ऑपरेशन झालं. सुमनच्या गळ्यावर एक बारीक रेघ राहिली, ती मंगळसूत्राआड झाकते. बाई आता दर रविवारी येतात, चटणी-भाकरी खातात, चहाला नावं ठेवतात. आणि सुमनशी बोलताना त्या सरळ तिच्या तोंडाकडे बघतात. बाकीच्या गल्लीला त्या अजून शिष्टच वाटतात. सुमन कुणाला काही सांगत नाही, फक्त म्हणते, "घेत न्हाईत चहा, तेच बरं हाय."

मध्यंतरी तपासणीत सुमनच्या मानेत पुन्हा एक बारीक गाठ हाताला लागली. ती निरुपद्रवी निघाली, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाच्या जिवाला घोर नको. पण त्या दिवशी आम्हाला ते माहीत नव्हतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एका तरुण डॉक्टरकडे गेलो. बाई आमच्याबरोबर आल्या. सुमन आत गेली. दार लोटलं गेलं. जन्मभर त्या दाराच्या आतल्या बाजूला राहिलेल्या बाई माझ्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग त्या माझ्याकडे वळल्या, तोंडाकडे बघून अगदी हळू म्हणाल्या,

"काय वाटतं हो मास्तर, काही नसेल ना?"

"नमुना अपुरा आहे," हे त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणालो, "काही नसेल."

"हो ना?" बाई म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरून बसल्या.