झोळीमागचा हात

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या घरी, कॉम्प्युटरवर, त्यानंच काढलेल्या बाईची मान हलवत होते. महिना उलटून गेला. भेटणारे अजून म्हणतात, शांत स्वभावाचा माणूस होता. माझा भाऊ बिलकुल शांत नव्हता. हट्टी होता, भांडकुदळ होता आणि बहुतेक वेळा बरोबर होता. हे त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नाही, याचं मात्र फार वाईट वाटतं.

पांढुर्ण्यात त्याचं फ्लेक्सचं दुकान. लग्नाच्या, वाढदिवसाच्या बॅनरमधून वेळ काढून तो माझ्या अ‍ॅनिमेशनसाठी व्हेक्टर चित्रं तयार करून द्यायचा. कितीही मोठी केली तरी न फाटणारी. बाहेरून येणारी चित्रं एकसंध असतात, हात हलवायला जावं तर धडही हलतं. दादा दंड, कोपर, मनगट वेगवेगळ्या लेयरवर ठेवायचा आणि झाकलेला भागही पूर्ण काढायचा. मी घाई केली की म्हणायचा, "हात हालला का मागं भोक दिसते, बाई. मग रडत येशीन माह्याकडं." ...जात होतेच.

शेवटचं काम कापूसवेचणीच्या फिल्मचं. फिल्म करून घेणाऱ्या एजन्सीनं नमुना पाठवला: पाठीवर टोपली घेतलेली हसरी, गोरीपान बाई. दादा फोनवरच भडकला. "चहाचा मळा हाये काय हा? आपल्याकडं कापूस कमरेच्या झोळीत वेचतेत. सांग त्यायले, मी काढून राहिलो तशीच बाई जाईन!" मी सांगितलं. एजन्सी कुरकुरत कबूल झाली. चित्र माझ्याकडे आलं आणि चौथ्या दिवशी, दुकानाचं शटर उघडता उघडता, दादा कोसळला.

तेरवीनंतर एजन्सीचा फोन आला. झालं ते वाईट झालं, पण आता आमचाच टोपलीवाला नमुना घ्या, काम लवकर उरकेल. मी नाही म्हटलं आणि दादाची फाईल उघडली. झोळीचा लेयर बाजूला सरकवला. मागे डावा हात होता, अख्खा. बोटांच्या टोकांना सुकलेल्या बोंडांनी पडलेल्या चिरा आणि करंगळी वाकडी. ती करंगळी आमच्या मायची. बोरगावला लोकांच्या वावरात कापूस वेचून तिनं आम्हाला शिकवलं. फिल्ममध्ये हा हात कुठेच दिसणार नव्हता, तरी त्यानं काढला होता. मी खूप रडले. मग राग आला. का दिसू नये?

मी एक दृश्य वाढवलं. बाई झोळी सोडते, ढिगावर कापूस रिता करते आणि तिचा डावा हात पडदाभर येतो. एजन्सी म्हणाली, चिरा पुसा, बोट सरळ करा, दोन मिनिटांचं तर काम आहे. खरंच दोन मिनिटांचं आहे; करंगळी दादानं वेगळ्याच लेयरवर ठेवली आहे. मी ती हलवली, वाकडीच. नको असेल तर फिल्म परत करा, असं लिहून पाठवून दिली.

अजून तरी परत आलेली नाही.